ज्याचा रिपोर्ट, त्याच्याच हातात

अरुंधतीमावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. झाशीच्या सदर बाजारात तिची पॅथॉलॉजी लॅब आहे. ती मूळची नागपूरची. लग्न करून इथल्या जुन्या मराठी घराण्यात आली आणि इथलीच झाली. आता ती घरातल्या माणसांनाही मध्येच ‘जी’ लावते, आणि रागावली की हिंदीत रागावते.

लॅबमध्ये तिचा एक दंडक होता. ज्याचा रिपोर्ट, त्याच्याच हातात. सुनेचा रिपोर्ट सासूला मिळायचा नाही, आणि बायकोचा नवऱ्याला द्यायचा तर बायकोला फोन करून विचारल्यावरच. काउंटरवर उभं राहून आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत. यावरून लोक भांडत. पण याच कारणाने झाशीजवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीतल्या बायका जवळच्या लॅब सोडून बसने तिच्याकडे येत.

मी तिच्याच घरी राहते, शाळेत शिकवते, आणि शनिवारी तिच्या लॅबमध्ये हाताखाली काम करते. त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

आधी सगळे रिपोर्ट लॅबमधल्याच एका कॉम्प्युटरवर असायचे. एका उन्हाळ्यात वीज सारखी येत-जात होती आणि त्यात त्याची हार्ड डिस्क गेली. झाशीत आणि ग्वाल्हेरला दाखवून झालं, काही परत मिळालं नाही. त्याच सुमारास जवळच्या मऊरानीपूरचे एक मास्तर आले. त्यांना रक्ताचा कर्करोग होता आणि दिल्लीच्या डॉक्टरांना जुने आकडे हवे होते. त्यांच्याकडचे कागद घर बदलताना हरवले होते, आणि आमच्याकडे तर काहीच नव्हतं. दिल्लीत त्यांच्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या, हाडातून नमुना काढायची सुद्धा. मावशीला ते फार लागलं. “माणसाने माझ्या भरवशावर ठेवलं होतं,” एवढंच ती म्हणाली.

तिचा मुलगा केयूर पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो बरीच वर्षं सांगत होता, “आई, सगळं क्लाउडवर टाक. ज्यांचं कामच डेटा सांभाळणं आहे, त्यांना सांभाळू दे. तुझ्या टेबलाखाली तो सुरक्षित नाही.” मास्तरांच्या प्रकरणानंतर तिने मान्य केलं. नोएडाची एक कंपनी घेतली. रिपोर्ट तयार झाला की तो त्यांच्या सर्व्हरवर जाई आणि पेशंटच्या मोबाइलवर लिंक येई. लिंक उघडताना आधी ओटीपी मागायची सोय होती. पण म्हातारी माणसं त्यात अडकत, दिवसभर फोन करत. शेवटी मावशीने कंपनीला सांगून ओटीपी बंद करवला. त्या दिवशी आम्हाला सगळ्यांनाच हायसं वाटलं होतं.

बबीन्याहून येणाऱ्यांत एक जोडपं होतं. बायकोला इथे मी मिथिलेश म्हणते आणि नवऱ्याला हरनारायण. ही त्यांची खरी नावं नाहीत, आणि त्यांच्या दुकानाचा धंदाही मी बदलला आहे. लिहू का, असं मी मिथिलेशला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लिखिए। बस पहचान मत आने दीजिए।”

त्यांचं फौजी वर्दी शिवायचं दुकान होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासरची सगळी माणसं मिथिलेशलाच बोलत. बारशाला तिला मागे बसवत. तिच्या तपासण्या केव्हाच झाल्या होत्या आणि ठीक आल्या होत्या. शेवटी हरनारायण स्वतःची तपासणी करायला तयार झाला आणि त्याच्या वीर्यतपासणीत दोष त्याच्यात असल्याचं निघालं. घरी गेल्यावर मिथिलेशने ते कोणालाच सांगितलं नाही. लोक आधीसारखं तिलाच बोलत राहिले आणि ती ऐकून घेत राहिली. नवऱ्याने मान खाली घालून फिरावं हे तिला नको होतं.

दोघं रिपोर्ट घ्यायला आली तेव्हाच तिने मावशीला सांगितलं होतं, “मोबाइल पर मत भेजिएगा। कागज हमारे हाथ में दीजिए।” मावशीने तसंच केलं. लिंक पाठवली नाही. पण इतर सगळ्या रिपोर्टसारखा तोही सर्व्हरवर गेला होता, आणि त्याचं पान तिथे तयार झालेलं होतं. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

हरनारायणचा एक चुलत भाऊ मधुमेहाचा पेशंट, तोही आमच्याकडेच येणारा. त्याला त्याच्या साखरेच्या रिपोर्टची लिंक आली. तिच्या शेवटी एक नंबर होता. रिकामपणी त्याने तो नंबर बदलून पाहिला तर दुसऱ्याच कोणाचा रिपोर्ट उघडला. पुढचा बदलला, तोही उघडला. त्याला तो चाळाच लागला. असं करता करता एक दिवस त्याच्यासमोर भावाचं नाव आलं. घरात एका मुलाचा तिलक, म्हणजे लग्नाआधीचा टिळ्याचा समारंभ होता. सगळे नातेवाईक जमलेले असताना त्याने मोबाइल काढून ते वाचून दाखवलं.

त्यानंतर मिथिलेश लॅबमध्ये आली. दुपारची वेळ, बाहेर बाकावर चार-पाच पेशंट. मावशीने तिला आतल्या खोलीत नेलं. मी पाणी घेऊन गेले. ती रडत नव्हती. तिने जे झालं ते सलग सांगितलं आणि मग विचारलं, “डॉक्टर साहब, हमने तो कागज ले लिया था। फिर ये बाकी कहाँ रखा था?”

 मावशीने सर्व्हर म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

“मुझे आपसे पूछना चाहिए था,” ती म्हणाली. “नहीं पूछा।”

मिथिलेश उठली. दारात म्हणाली, “वो दुकान पर नहीं जा रहे। खाना भी नहीं खाते ठीक से।” आणि गेली.

मावशीने त्याच तासाला सगळ्या लिंक बंद करायला लावल्या. कंपनीचा माणूस फोनवर अतिशय नम्र होता. “मैडम, सर्वर में कोई नहीं घुसा। सिस्टम पूरी तरह सुरक्षित है। ओटीपी आपने ही बंद करवाया था।” ते खरं होतं. ओटीपी बंद केला की ओळीतला पुढचा नंबर टाकून कोणाचाही रिपोर्ट उघडेल, हे मात्र त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं, तेही खरं होतं.

संध्याकाळी केयूरचा फोन आला. “आई, क्लाउडचा यात दोष नाही. मोठमोठ्या बँका तिथे आहेत. आपण सोय चुकीची लावली.”

“मी दोष शोधत नाहीये रे,” मावशी म्हणाली. “त्या बाईने मला विचारलं तिचा रिपोर्ट कुठे होता, आणि मला ते ठाऊक नव्हतं. मी सांभाळायला दिलं, पण कोणाला दिलं, त्यांच्याकडे ते कसं ठेवतात, कोण बघू शकतं, यातलं काहीएक मी विचारलं नाही. तुझ्यावर सोडलं. तू त्यांच्यावर सोडलंस.”



मग तिने कंपनीकडे मागणी केली की कोणत्या फोनवरून कोणाकोणाचे रिपोर्ट उघडले गेले ते मला कळवा. त्यांनी आढेवेढे घेतले. तिने वकिलामार्फत लिहिल्यावर ती माहिती आली. बरेच रिपोर्ट होते. बहुतेक साधेच, रक्तातली साखर, थायरॉइड. काही मात्र तसे नव्हते.

“सगळ्यांना सांगणार आहे,” रात्रीच्या जेवणाला बसताना ती म्हणाली.

मधुसूदनकाकांनी ताट बाजूला केलं. ते मावशीचे यजमान, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला शांत. “अरुंधती, त्यांना माहीतही नाही. सांगितलंस तर लॅब बसेल.”

“बसेल कदाचित,” ती म्हणाली. “पण न सांगता रोज त्या खुर्चीवर मला बसता येणार नाही.”

काकांनी पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन लावायला मदत केली. काही लोकांनी ऐकून घेतलं, काहींनी शिव्या दिल्या. एका बाईने फक्त “किसने देखा, नाम बताइए” एवढंच परत परत विचारलं. दोन डॉक्टरांनी आमच्याकडे पेशंट पाठवणं बंद केलं. चुलतभावाविरुद्ध तक्रार करायची तर मी साक्ष देईन, असं मावशीने मिथिलेशला कळवलं होतं. घरातलंच प्रकरण म्हणून तिने नको म्हटलं.

हरनारायणशी मात्र फोनवर बोलायचं नाही असं मावशीने ठरवलं. मी गाडी चालवत होते. आम्ही बबीन्याला पोचलो. दुकान अर्धं उघडं होतं. आत तो एकटाच, शिलाई मशीनवर, पण मशीन बंद. आम्हाला बघून तो उठला नाही. मिथिलेशने आतून दोन स्टूल आणून ठेवले.

मावशी बसली नाही. तिने उभ्यानेच माफी मागितली.

तो म्हणाला, “कागज पर रहता तो ये होता क्या?”

“कागज भी चोरी होता है,” मावशी म्हणाली. “लेकिन चोर को मेरी लैब तक आना पड़ता। यहाँ घर बैठे हो गया।”

 हरनारायण म्हणाला, “मिटा दीजिए।”

मावशीने सोबत लॅपटॉप नेला होता. त्याच्यासमोर तिने तो रिपोर्ट काढून टाकला. त्याने स्क्रीनकडे बोट केलं. “मिट गया?”

हो म्हणणं सोपं होतं. मला वाटलं ती म्हणेल.

“यहाँ से मिट गया,” ती म्हणाली. “कंपनी अपने पास पुरानी नकलें रखती है। वहाँ से हटने में कुछ महीने लगेंगे। हट जाए तो मैं लिखकर लाऊँगी। और जिसने फोटो खींच ली हो, उसका मैं कुछ नहीं कर सकती।”

हरनारायणने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “इतना सच पहले बता देतीं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. परतीच्या वाटेवर मावशीने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं.

कंपनीचं पत्र आलं तेव्हा ती ते घेऊन स्वतः बबीन्याला गेली. दुकान दुसऱ्याच कोणी घेतलं होतं. चौकशी केल्यावर कळलं की दोघं मऊरानीपूरला, मिथिलेशच्या माहेराजवळ राहायला गेली. मावशी तिथेही गेली. हरनारायण घरी नव्हता. मिथिलेशने पत्र घेतलं, चहा दिला. तो आता शाळेचे गणवेश शिवतो, बबीन्याच्या भावांशी बोलत नाही, असं तिने सांगितलं. तुमच्या आपसांत कसं आहे, असं मावशीने विचारलं नव्हतं, तरी मिथिलेशनेच सांगितलं, “पहले मैं अकेली सुनती थी। अब दोनों सुनते हैं। कभी-कभी वो मेरी तरफ से बोल भी देते हैं।”

मावशीने क्लाउड सोडलं नाही. मास्तरांना ती विसरलेली नव्हती. पण तिने कंपनी बदलली. करारातली ओळ न् ओळ केयूरला समोर बसवून वाचली आणि जिथे कळलं नाही तिथे सही केली नाही. डेटा कोणत्या शहरात असतो, कोण उघडू शकतं, आम्ही सोडून गेलो तर तो कसा पुसला जातो, हे सगळं लेखी घेतलं. नाजूक तपासण्या सर्व्हरवर जातच नाहीत. त्या इंटरनेट नसलेल्या एका मशीनवर राहतात, आणि त्यांची एक प्रत वेगळ्या कपाटात. बाकीच्यांना काउंटरवर विचारलं जातं की तुमचा रिपोर्ट बाहेरच्या कंपनीकडे ठेवला तर चालेल का. त्यामुळे रांग लांबते आणि लोक कंटाळतात.

मागच्या महिन्यात शहरातल्या व्यापारी मंडळाने तिला बोलावलं होतं. नवीन धंदेवाल्यांना क्लाउडबद्दल दोन शब्द सांगा म्हणून. तिने आपल्याकडे काय घडलं ते नावं न घेता सांगितलं. भाषण संपल्यावर एका तरुण औषधविक्रेत्याने विचारलं, “तो मैडम, भरोसा करें या न करें?”

“अपना माल हो तो जो मन में आए कीजिए,” ती म्हणाली. “दूसरे का हो, तो पहले उससे पूछ आइए।”

तो वही बंद करून खाली बसला. मावशी खाली उतरली आणि आम्ही ऑटो बघायला बाहेर आलो.