भोंग्यावर ऐकलेली बैठक

राज्यपातळीवरचं म्हणावं असं काही माझ्या हातून एकदाच घडलं, आणि तेही चुकून.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे, तीही प्रभारी. म्हणजे मान तेवढा अर्धा आणि किल्ल्या सगळ्या. निम्मी नोकरी घाटावर, बीबी गावाच्या बाजूला झाली. मग बदली होऊन घाटाखाली, धामणगाव बढेहून आत असलेल्या या गावात आले. माझं बोलणं ऐकून इथल्या बायका सुरुवातीला तोंडाला पदर लावायच्या. आता मीच घरी नवऱ्याला 'का' ऐवजी 'काऊन' म्हणते आणि तो हसतो. राहते धामणगावातच, शाळा सुटली की गावातून चालत फाट्यावर जायचं आणि मिळेल तो ऑटो धरायचा.

शाळेत आम्ही तिघं. मी, निवृत्तीला टेकलेले आणि एका कानानं कमी ऐकणारे गुरुजी, आणि एक नवे सर, ज्यांना अजून सरकारी पत्रं वाचायला आवडतात. ती पत्रं आधी जिल्ह्याच्या ग्रुपवर येतात, मग तालुक्याच्या, मग केंद्राच्या, आणि शेवटी सर ती मला स्वतः पाठवतात, न जाणो माझ्याकडून राहिली असतील. त्या पावसाळ्यात असंच एक पत्र चारही वाटांनी आलं: राज्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांची ऑनलाइन बैठक, विषय शालेय नेतृत्व, उपस्थिती अनिवार्य. शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. मुलं घरी गेल्यावर दुपारी बैठक.

आमची शाळा नाल्याच्या काठी खोलगटात आहे. तिथं फोनला रेंज येत नाही, आली तर माणूस बोलायला लागताच निघून जाते. म्हणून आम्ही तिघं ग्रामपंचायतीच्या खोलीत जाऊन बसलो. फोन माझा, त्याचा आवाज मुळातच मेलेला, वर पंखा खडखडत होता. गुरुजी दर वाक्याला 'काय म्हणाले?' विचारायला लागले. तेव्हा ग्रामपंचायतीचे शिपाई पुढे झाले. गावात पाणी सोडणं आणि भोंग्यावरून पुकारा करणं ही दोन कामं त्यांच्याकडे आहेत. ते म्हणाले, माईक फोनजवळ ठेवतो, कोपऱ्यातल्या पेटीतून खणखणीत ऐकू येईल. खरोखरच आलं. आम्ही दार लावून घेतलं आणि वह्या उघडल्या.

पण त्या यंत्राला दोन बटणं आहेत, एक पेटीचं आणि एक भोंग्याचं. शिपाईभाऊंचं बोट रोजच्या सवयीनं दोन्हींवर पडलं होतं. पंख्याच्या खडखडाटात आम्हाला काही कळलं नाही. राज्यातल्या मुख्याध्यापकांची बैठक अख्ख्या गावानं ऐकली, सोयाबीन निंदणाऱ्या बायकांनी शेतात ऐकली, आणि नाल्यापलीकडे म्हशी धुणाऱ्यांनीही ऐकली.

मोठे साहेब बोलले ते चांगलं बोलले. नेतृत्व म्हणजे खुर्ची नव्हे, असं म्हणाले तेव्हा गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, कारण खोलीतली एकुलती एक हातांची खुर्ची मीच धरली होती. रोज एक तास मुलांना वाचनासाठी वेगळं बसवा, इयत्तेप्रमाणे नव्हे, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे. गोष्टींची पुस्तकं येतील, ती कपाटात कोंडू नका. आणि घरच्यांना सांगा, मूल घरी आलं की एकच विचारा: आज काय शिकलास? शेवटी म्हणाले की हाच प्रश्न मुख्याध्यापकांनी रोज स्वतःलाही विचारावा. मी ते लिहून घेतलं आणि विसरून जायच्या तयारीला लागले.

बैठक संपली, फोन मी पर्समध्ये टाकला. माईक मोकळा दिसला की शिपाईभाऊंना राहवत नाही. त्यांनी तो उचलला आणि पाणी सोडण्याच्या सुरात म्हणाले, "ऐका हो. सायबानं सांगतलं ते सगळ्यायनं ध्यानात ठेवा. पोरायले रोज इचाराचं, आज काय शिकले. मॅडमलेबी इचाराचं." दार उघडलं तेव्हा पारावरची सगळी मंडळी बाहेर उभी होती.

आमच्या गावात भोंग्यावरून जे येतं ते पाळायचं असतं. नळाला मोटर लावू नका, गुरांना लस टोचून घ्या, बकरी हरवली आहे ती शोधा. लोक कुरकुर करतात पण करतात. हा प्रश्नही त्याच रांगेत जाऊन बसला. सरकारनं पालकांना केलेली विनंती आमच्या गावापुरती हुकूम झाली, आणि ती पालकांपुरतीही उरली नाही. सोमवारपासून गिरणीवाला, दूधवाला, पारावरचे म्हातारे, शेतातून परतणाऱ्या बायका, जो तो दिसेल त्या पोराला थांबवून विचारायला लागला. पोरांना आधी गंमत वाटली. नव्या सरांना तर भरून आलं, त्यांनी अहवालात 'लोकसहभाग: उत्कृष्ट' असं लिहून टाकलं.

मग माझी पाळी आली. शाळेतून फाट्यापर्यंतचा रस्ता गावातून जातो, आणि त्या रस्त्यावर मला कुणी सोडेना. गिरणीपाशी एक आजोबा बसतात, ते तर काठी आडवी धरायचे. "काय शिकल्या आज, मॅडम?" पहिले काही दिवस मी मोठे शब्द फेकले. आज अध्ययन निष्पत्तींचा आढावा घेतला, असं म्हणाले. आजोबा म्हणाले, मंजे काय? ते मला सांगता येईना, आणि मागं दोन बायका हसताना ऐकू आल्या. मला राग आला. मी सरपंचांकडे जाऊन हे थांबवा म्हटलं. त्यांनी शांतपणे मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, बरं, आज काय शिकल्या?

आता त्या पोरीचं सांगते, कारण माझा जीव तिच्यात अडकला होता. ती चौथीत, शिपाईभाऊंचीच मुलगी. उंच, बोलायला पटाईत, खेळात कुणाच्या हाती न लागणारी. पण पुस्तक उघडलं की गप्प. बैठकीच्या थोडं आधीच तिचे वडील शाळेत येऊन सांगून गेले होते की दिवाळीनंतर तिला मलकापूरला मामाकडे ठेवणार, तिथल्या शाळेत घालणार. "मले वाचता येत नाई धड," ते म्हणाले होते. "ग्रामसेवक सायब दोनदा सांगतात, तवा मी भोंग्यावर बोलतो. हिचं असं नको व्हाले." बोलणं खरं होतं. मी दिवाळीपर्यंतचा वेळ मागितला आणि त्यांनी तो दिला. पण मामाच्या घरी आधीच माणसं भरपूर, मामीला ती नकोशी, आणि आईपासून एक रात्र लांब न राहिलेली ही पोर. शिवाय ती गेली असती तर मला वर्ग रिकामा वाटला असता. हे सरकारी कारण नाही, पण माझं होतं.

वाचनाच्या तासाला तिला दुसरीच्या मुलांत बसवावं लागलं. तिचे गुडघे त्यांच्या डोक्यांच्या वर यायचे. ती बसायची, पण भिंतीकडे तोंड करून. गोष्टींची पुस्तकं आली, रंगीत, छान; तिनं एकालाही हात लावला नाही. आणि शाळा सुटल्यावर गावातला तो प्रश्न. आज काय शिकली, याला तिच्याकडे उत्तरच नव्हतं, म्हणून तिनं गावातून जाणं सोडून दिलं. घरांच्या मागून, शेतांच्या कडेनं पांदण जाते, तिकडून लांबचा फेरा घेऊन घरी जायला लागली.

हे मला कसं कळलं? तर मीही त्याच पांदणीनं पळून चालले होते म्हणून. त्या दिवशी दुपारभर ग्रामपंचायतीत बसून ऑनलाइन माहिती भरली होती आणि शेवटच्या बटणाला सगळी उडाली होती. आजोबांच्या काठीला तोंड द्यायचं माझ्यात त्राण नव्हतं. वळणावर दप्तर डोक्यावर घेतलेली ती समोर आली. दोघी थांबलो. दोघींनाही कळलं की दुसरी इथं काय करतेय.

"मॅडम, तुमालेबी इचारतात?"

मी हो म्हटलं.

"मंग तुमी काय सांगता?"

खरं सांगायचं तर काहीच नाही, असं मी सांगितलं. तिनं दप्तर खाली घेतलं आणि माझ्या बाजूनं चालायला लागली. एवढी मोकळी ती वर्गात कधी दिसली नव्हती.

मग रोजचंच झालं. पांदणीच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, आणि धुऱ्या-धुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, बियाणं कंपन्यांच्या टिनाच्या पाट्या. वर बोंडाचं चित्र, खाली वाणाचं नाव तांबड्या ठळक अक्षरांत, त्याखाली शेतकऱ्याचं नाव आणि गाव. कोणत्या शेतात कोणतं वाण आहे हे तिला तोंडपाठ होतं, कारण घरी तेच बोलणं चालायचं. एका पाटीपाशी मी सहज विचारलं, गावाचं नाव यात कुठं आहे? तिनं थोडं पाहिलं आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. पुढच्या पाटीवरही खाली तेच होतं. ती तिसऱ्या पाटीकडे पळतच गेली. गाव सगळ्यांचं एकच, शेतकऱ्यांची नावं ओळखीची, कोण कुणाचा काका हे ठाऊक. काय लिहिलेलं असणार ते तिला आधीच माहीत होतं आणि अक्षरांनी नुसतं हो म्हणायचं होतं. दुसरीच्या पोरांसमोर लाज वाटायची ती इथं नव्हती. चुकली तर ऐकायला मी एकटी, आणि मी तर स्वतःच फरार.

माझंही बरं चाललं होतं. ती मला कपाशीवरची कीड ओळखायला शिकवायची, अर्धी चुकीची, ते मला नंतर कळलं. एका संध्याकाळी ती म्हणाली, चला, आज गावातून जाऊ. मी नको म्हणत होते. गिरणीपाशी आजोबांनी काठी आडवी केली, तिला विचारलं, आणि ती ताठ उभी राहून म्हणाली की आज मी काकाच्या शेताची पाटी सगळी वाचली. आजोबांनी कोणतं वाण विचारलं, तिनं सांगितलं, आणि दोघांत ते वाण चांगलं की वाईट यावर वाद सुरू झाला. मला काय शिकल्या हे विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

दसऱ्याच्या सुमारास वरचे साहेब बदलले. नव्या साहेबांची नवी बैठक, नवा कार्यक्रम, नाव आधीच्यापेक्षा लांब. जुन्याचे अहवाल बंद करा, नव्याचे सुरू करा, असं पत्र पुन्हा चारही वाटांनी आलं. या वेळी मी शहाणपणानं धामणगावात घरीच गच्चीवर बसून बैठक ऐकली. दुसऱ्या दिवशी गावानं मला धारेवर धरलं. बैठक झाली आणि भोंग्यावर काऊन नाई लावली? मी नव्या कार्यक्रमाचं थोडं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, आणि जुना प्रश्न तसाच चालू ठेवला. मीही वाचनाचा तास तसाच ठेवला, फक्त कागदावर नाव बदललं. नवे सर थोडे दुखावले.

दिवाळीची सुट्टी जवळ आली. पोरगी आता दुसरीच्या मुलांतून उठून तिसरीच्या गटात बसायला लागली होती, गोष्टीचं पुस्तक बोट लावून, अडत, पण शेवटपर्यंत वाचायची. चौथीच्या पुस्तकापर्यंत मात्र अजून पोचली नव्हती. मी मागितलेला वेळ संपत आला होता आणि शिपाईभाऊंना विचारायचा मला धीर होत नव्हता. तशात ती शाळेत यायचीच बंद झाली. चौकशी केली तर कळलं, आई तिला घेऊन मलकापूरला गेली आहे. मला वाटलं, झालं. त्या दिवशी मी नव्या सरांवर उगीच ओरडले, गुरुजींनी खडू संपला म्हटलं तर त्यांच्यावरही.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलं गेल्यावर शिपाईभाऊ आले. चपला बाहेर काढून दारात उभे राहिले. मीच विचारलं, सोडून आलात का तिला?

त्यांनी नाही अशी मान हलवली. दिवाळीचे कपडे घ्यायला गेल्या होत्या मायलेकी, काल रात्रीच परत आल्या. पोरीला तिकडं ठेवत नाही, असं त्यांनी मामाला फोन करून सांगून टाकलं होतं. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत बाकीचं सांगितलं. रोज संध्याकाळी ते तिला विचारायचे, आज काय शिकली. एक दिवस तिनं सांगून झाल्यावर उलट विचारलं, बाबा, तुमी काय शिकले? ते चिडले, मी पाणी सोडतो, मी काय शिकू म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. मग ती त्यांना घेऊन पांदणीत गेली आणि पाट्यांपुढे उभं केलं. त्यांच्या आयुष्यात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, असं ते म्हणाले. साहेबांनी नाही, बापानं नाही.

"ती तिकडं गेली तं मले संध्याकाळी कोन इचारन, मॅडम?"

मी आत या म्हटलं. ते आले, आणि जरा चाचरत म्हणाले की सुट्टीत वाचायला एखादं पुस्तक मिळालं तर बरं, तिच्यासाठी नको, ती स्वतः घेईल. "मले झेपन असं द्या." मी गोष्टींच्या पुस्तकांची पेटी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. ते खाली बसले, आणि एकेका पुस्तकावरचं नाव बोट लावून वाचत राहिले. मी फाट्यावर जायची घाई केली नाही.