दोन सालांपूर्वीचं लोणचं

माझ्या बायकोच्या मावशीने आयुष्यात एकही पदार्थ कुणाला त्याच्या वेळेवर खाऊ दिला नाही. पदार्थ करण्यात तिचा हात धरणारं नगरजवळच्या केडगावात कुणी नव्हतं, हे तिच्याशी अबोला धरलेल्या बायकाही मान्य करत. पण केलेला पदार्थ लगेच तोंडात टाकणं हा तिच्या मते उतावळेपणा होता. दिवाळीचे लाडू तिच्याकडे दिवाळीत डब्यात जात आणि संक्रांतीच्या सुमारास बाहेर येत. संक्रांतीचा तिळगूळ येईपर्यंत होळी येई. आणि होळीच्या पुरणपोळ्या ती उन्हात कडकडीत वाळवून फडक्यात बांधून ठेवी, त्या गुढीपाडवा उलटल्यावर दुधात कुस्करून मिळत. सगळं जग पंचांगाप्रमाणे चालत असताना हे एक घर एक सण मागे चालत होतं. शेजारच्या बाईंनी शिर्डीहून आणलेले पेढे तिने इतके जपले, की शेवटी त्यांवर बत्ता चालवावा लागला. "बाबांचा परसाद खराब हुत न्हाई," ती म्हणाली. खराब झाला नव्हता हे खरं. फक्त खाण्याजोगा राहिला नव्हता.

मी सत्तर सालच्या आसपास वाईहून नगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला आलो, तेव्हा दर रविवारी मावशीकडे जेवायला जायचं हे आमच्या लग्नातच ठरून गेल्यासारखं होतं. मावशी मूळची जामखेडकडची, शेतकऱ्याची मुलगी. तिचा भाऊ अजून तिकडे शेती करत होता. पहिल्याच हिवाळ्यात ती आम्हाला त्याच्या शेतावर हुरडा खायला घेऊन गेली. आगटीभोवती आम्ही बसलो होतो, मावशीचा भाऊ कणसं भाजून हातावर चोळत होता, आणि गरम हिरवे दाणे तोंडात टाकायला सगळे टपलेले. मावशीने आपल्या वाट्याचा हुरडा घेतला, मागे सरकली आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यावर तो पातळ पसरून ठेवला.

"मावशी, गरम आहे तोवर खा की."

"गरम काय, कवाबी करता येतं, जावईबापू. हुरडा आखाडात कुठनं आनाल?"

मी इतिहासाचा माणूस. मुद्दा बिनतोड असला की मी गप्प बसतो. आषाढात तिने त्या हुरड्याची थालीपिठं केली. ती उत्तम होती. फक्त ती खाताना आपण हुरडा खातोय असं कुणालाही वाटलं नाही.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एसटीत कंट्रोलर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. उभी हयात त्यांनी नगरच्या स्टँडवर कर्ण्यातून गाड्या सुटल्याचं लोकांना सांगितलं होतं, त्यामुळे घरातही ते कुठलीही गोष्ट पुकारल्यासारखीच सांगत. स्वभावाने सोशिक. उशिरा येणाऱ्या वस्तूबद्दल तक्रार करायची नसते, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं की संसाराने, ते मला कळलं नाही. त्यांची आयुष्यात एकच इच्छा शिल्लक होती, आणि ती त्यांनी मला दुसऱ्याच भेटीत सांगितली: एकदा तरी ताजं लोणचं खायचं.

ही इच्छा ऐकायला साधी वाटते. पण मावशीच्या घरात लोणच्याचा कायदा असा होता, की जुनं संपल्याखेरीज नवं उघडायचं नाही. दर उन्हाळ्यात जामखेडच्या गाडीच्या टपावरून तिच्या भावाच्या विहिरीवरल्या गावठी आंब्याची पोतंभर कैरी येई. मावशी ती धुई, पुशी, अडकित्त्याने फोडी, मोहरी फेसून लोणचं घाली, बरण्यांच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधी आणि त्या फळीवर मागच्या रांगेत सरकवी. पुढच्या रांगेत गेल्या सालच्या बरण्या असत, आणि जेवायला बसलं की पानात पडे ते त्याच्याही आधीच्या सालचं. घरात दरसाल जेवढं लोणचं पडे तेवढंच संपे, म्हणून हे अंतर कधी वाढलं नाही आणि कधी कमीही झालं नाही. काका लग्न झाल्यापासून दोन सालांपूर्वीचं लोणचं खात होते.

"आमची आई परातीतनंच फोड द्यायची," काका सांगत. "कालवता कालवता. फोड करकरली पाहिजे, जावईबापू. मोहरी अशी नाकात गेली पाहिजे की डोळ्यांतनं पाणी. हिचं लोणचं चांगलंच आहे, नाव ठेवत नाही मी. पण ते कसं, रिटायर झालेलं असतं."

"ऐकतेय मी," आतून मावशी.

"ऐकायलाच बोलतोय."

मी एकदा मध्ये पडलो. मावशीला नीट समजावलं, की एकदाच, एका वर्षी, जुन्या बरण्या कुणाला तरी देऊन टाका. मग पुढे जन्मभर सगळ्यांना त्या त्या सालचं लोणचं खाता येईल. माझा युक्तिवाद तिने पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाली, "अन् एखाद्या साली कैरी आलीच न्हाई, तर?"

"असं कसं होईल?"

"तुमी वाईची मानसं. नदीकाठची. तुमाला न्हाई कळायचं."

तिच्या लोणच्याची कीर्ती एव्हाना शहरापर्यंत गेली होती. एका महिला मंडळाने पाककलेची स्पर्धा ठेवली, तिथे शेजारणींनी तिला बळेच नेलं. काका आणि मी बरणी धरायला गेलो. अध्यक्षा कुणा मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. गृहिणी ही राष्ट्राच्या आरोग्याची शिल्पकार कशी, यावर त्या इतका वेळ बोलल्या की टेबलावरच्या वड्यांच्या कडा वाळल्या आणि पुऱ्या बसल्या. मावशीच्या बरणीला काही झालं नाही. तिने याहून लांबलचक काळ काढलेला होता. चव घेतल्यावर अध्यक्षाबाईंनी भुवया उंचावून विचारलं, "छान आहे हं, पण हे मुरलेलं दिसतंय. ताजं नाही आणलंत?"

"ताजं तर कुनालाबी करता येतं, बाई," मावशी म्हणाली. "टिकवून दावा."

तिला दुसरं बक्षीस मिळालं, प्लॅस्टिकचा एक डबा. तो तिने कागद न काढता फळीवर ठेवून दिला. पहिलं बक्षीस कुणाच्या तरी अननसाच्या शिऱ्याला गेलं. "संध्याकाळपर्यंत आंबेल तो," एवढंच ती परत येताना म्हणाली.

बहात्तर साली पाऊस पडला नाही. जामखेडकडे विहिरींचे तळ दिसायला लागले. मावशीचा भाऊ आणि भावजय दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले, आणि घराघरात रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकन ज्वारीच्या, लाल भाकरी दिसू लागल्या. त्या भाकरीबरोबर खायला भाजी कुठून आणणार? मावशी उठली. फळीवरून तिने बरण्या उतरवल्या, खारवड्या, सांडगे आणि वाळवलेल्या गवारीची गाठोडी काढली आणि काकांना जामखेडच्या गाडीत बसवून दिलं. असं ते वर्षभर चालू होतं. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीवरच्या आंब्याचा मोहोर जळून गेला आणि केडगावात जामखेडहून एकही कैरी आली नाही. आपण जिंकलो हे मला दाखवून द्यायची तिला फार मोठी संधी होती, पण तिने ती वापरली नाही. त्या वर्षी मी तिची थट्टा करणं कमी केलं. अगदी बंद केलं नाही, कारण मग आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.

या सगळ्या काळात एका माणसाच्या मनात मात्र वेगळाच हिशेब सुरू होता. सगळा जिल्हा आभाळाकडे बघत होता आणि काका फळीकडे. निम्म्या बरण्या जामखेडला गेल्या होत्या आणि मागच्या रांगेत नवी बरणी आलेली नव्हती. म्हणजे पुन्हा पाऊस झाला, आंबा मोहरला, की येणाऱ्या लोणच्याच्या वाटेत फारसं कुणी उभं राहणार नव्हतं. दुष्काळाचा असा फायदा व्हावा याची त्यांना लाज वाटे. ती वाटत असतानाही ते बरण्या मोजत.

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात जामखेडच्या गाडीवरून पोतं आलं. मावशीने नवं लोणचं घातलं, दादरे बांधले. फळीवर जुन्या सालची एकच मोठी बरणी राहिली होती. त्या दिवसापासून काका लोणचं खायला लागले. म्हणजे आधीही खात होते, पण आता चमच्याने नाही, वाटीने. भाकरीबरोबर लोणचं, आमटीत लोणच्याचा खार, दुपारच्या चहाच्या आधी नुसतीच फोड. मावशीच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

"बगा, जावईबापू," ती म्हणाली. "नावं ठिवत हुते. आता सोडवंना झालंय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि बरणीच्या तळाशी गेलेला हात बाहेर काढला. "बुड लागलं," ते हळूच म्हणाले, गाडी स्टँडात शिरल्याचं सांगावं तसं.

त्याच आठवड्यात ते अंगणात चक्कर येऊन पडले. मी आणि मावशी त्यांना नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, पारा पाहिला, पुन्हा फुगवला आणि पुन्हा पाहिला.

"लोणचं, पापड खाता का?"

"लई आवडतं त्यांना माझं लोनचं," मावशी कौतुकाने म्हणाली. "वाटी वाटी खात्यात."

"वाटी?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आवडतं म्हणून नाही हो डॉक्टर," काका छताकडे बघत म्हणाले. आवाज क्षीण होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट. "ते संपल्याशिवाय नवं उघडत नाही ही."

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही, आणि समजावून सांगावं असं आम्हां कुणालाही वाटलं नाही. त्यांनी मीठ बंद केलं. लोणचं, पापड, खारवड्या, सांडगे, जे जे मिठाच्या जिवावर टिकतं ते सगळं बंद. नाहीतर पुढच्या वेळी माणूस उठायचा नाही, असं त्यांनी मावशीकडे बघून सांगितलं. म्हणजे त्या घरात जे होतं ते सगळंच बंद झालं. टांगा केडगावच्या रस्त्याला लागला. मग मावशी म्हणाली, "सांगायचं हुतं."

"लग्नापासनं सांगतोय."

"ते चेष्टेनं."

"मग कसं सांगायचं असतं?" काका म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा जुनी बरणी धुऊन पालथी घातलेली होती. नव्या बरण्या दादरा बांधून तशाच रांगेत होत्या. आता त्यांच्या पुढे कुणी नव्हतं, आणि त्यांच्यापर्यंत पोचलेला माणूस भिंतीला टेकून बिनमिठाची आमटी ढवळत बसला होता. मावशी माझ्या बायकोला म्हणाली, "ताटं घे तू. मी आलेच." आणि चुलीपाशी पाट घेऊन बसली. आषाढ लागला होता. बाजारातल्या कैऱ्या संपत आल्या होत्या, तरी कुठूनतरी तिने एक मिळवली होती. तिने ती चिरली, बारीक फोडी केल्या. मोहरी फेसली, इतकी की बाहेर बसलेल्या आम्हालाही शिंक आली. वर गूळ, किंचित तिखट, मेथीची पूड. मिठाच्या भांड्याकडे तिचा हात सवयीने गेला आणि अर्ध्यातून मागे आला. हाताने कालवून तिने ती वाटी तशीच काकांच्या पानात आणून ठेवली.

काकांनी फोड तोंडात टाकली. ती करकरली, हे मी माझ्या पानावरून ऐकलं. मोहरी नाकात गेली असावी, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"कसं झालंय?" मावशीने विचारलं. हा प्रश्न तिने पूर्वी कधी कुणाला विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

काकांनी विचार केला. "मुरलं नाही," ते म्हणाले.

"मग?"

"अळणी आहे. गूळ जास्त झालाय." त्यांनी आणखी एक फोड घेतली. "असंच करत जा."

अर्धी वाटी झाल्यावर त्यांनी ती बाजूला सारली. इतक्या वर्षांच्या शिस्तीने ते म्हणाले, "राहू दे हे झाकून. संध्याकाळी भाकरीबरोबर खाईन."

मावशीने वाटी पुन्हा त्यांच्या पानात ठेवली.

"संध्याकाळचं संध्याकाळी बगू," ती म्हणाली. "आत्ता खावा."

काका खाली मान घालून खाऊ लागले. ती समोर बसून राहिली, वाढायचं विसरून, आणि माझ्या बायकोने आम्हाला वाढलं. जेवण झाल्यावर मावशीने ती वाटी उचलली, कडेला लागलेला गुळाचा रस बोटाने पुसून त्यांच्याकडेच धरला, आणि तो त्यांनी चाखल्यावर रिकामी वाटी मोरीत नेऊन ठेवली.