वंदनाताईंना सांगायचं राहिलं

वंदनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. समोर एक आजोबा थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली घेऊन उभे होते आणि मी त्यांना सांगत होते, ही उपाशीपोटी घ्यायची, चहाच्याही आधी. फोनवर ताईंची मुलगी प्रज्ञा होती. "दीदी, मम्मी नहीं रहीं," एवढंच म्हणाली. मी "हां" म्हटलं, फोन ठेवला आणि आजोबांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांच्याकडून वदवूनही घेतलं. मग आत जाऊन सलाइनच्या खोक्यावर बसले... पेशंट समोर असताना आपलं रडगाणं काढायचं नाही, हे मला ताईंनीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्या शिकवणीचा फार राग आला मला. आपलं माणूस गेलं आणि मी चहाच्या आधी की नंतर ते सांगत बसले!

आता पाच आठवडे होऊन गेले. ताईंवर लिही, असं दोघातिघांनी म्हटलं, तेव्हा वाटलं, किती कडक होत्या, किती प्रेमळ होत्या, असं लिहून टाकू. दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा फाडलं. कारण त्यात एक गोष्ट येत नव्हती. ताईंच्या बाबतीत मला काहीतरी दिसलं होतं, अगदी वेळेवर दिसलं होतं, आणि मी बोलले नाही. ते गाळून त्यांच्यावर काही लिहायला माझा हात धजत नाही.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका जुन्या मेडिकलमध्ये ताई सव्वीस वर्षं फार्मासिस्ट होत्या. वडील रेल्वेत, गोंदियाकडून बदली होऊन इकडे आलेले. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि गावाकडून आलेल्या म्हाताऱ्यांशी छत्तीसगढी, अशा तिन्ही भाषांत त्या सारख्याच रागवायच्या. मी त्यांच्याकडे गेले ती डिप्लोमानंतरच्या ट्रेनिंगला. आमचं घर शहराच्या टोकाला बीरगावला, बाबा शेजारच्या उरला भागातल्या एका कारखान्यात. मला फार्मसीला घातलं कारण मामाच्या मुलाने तेच केलं होतं आणि त्याला नोकरी लागली होती, बस. फार्माकॉलॉजीच्या पेपरात एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा घोकंपट्टी करून निघाले. पास झाले त्या दिवशी आईने गल्लीत पेढे वाटले आणि मी संडासात जाऊन रडले. कारण मला माहीत होतं ना, की मला काही येत नाही! कुणीतरी एक दिवस पांढरा कोट ओढून काढेल आणि म्हणेल, ए पोट्टे, चल निघ इथून... अशी ती भीती. ती पोटात घेऊनच मी ताईंच्या समोर उभी राहिले.

ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांचा जीव खाल्ला. प्रत्येक स्ट्रिप हातात घेतली की, "ताई, हीच ना?" पॅरासिटामॉल असलं तरी, "ताई, बरोबर आहे ना?" डॉक्टरचं अक्षर स्वच्छ असलं तरी पर्ची त्यांच्या नाकासमोर. गिऱ्हाईक वैतागायचं, मालक गल्ल्यावरून डोळे वटारायचे. शेवटी एक दिवस ताईंनी हातातली कात्री काउंटरवर आपटली. "हे पाहा सुजाता, आजपासून दिवसाले तीनच गोष्टी विचारायच्या मले. तीन. चौथी विचारशील तर डबा उचल अन् घरी जा. डोकं तुले बी देलं हाये ना?" मला ते फार लागलं. पण त्या नियमाचा उपयोगही झाला, खोटं कशाला बोलू. तीनच विचारायच्या म्हटल्यावर मी आधी स्वतः पाहू लागले. पर्ची दोनदा वाचायची, नावावर बोट ठेवायचं, ताकद पाहायची, आणि तरीही नाहीच कळलं तर ताईंकडे जायचं. कधी कधी संध्याकाळपर्यंत एक प्रश्न शिल्लक राहायचा. तेव्हा मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू.

दोन महिने असे गेले. मग एका सोमवारी सकाळी गर्दी उसळली आणि अकराच्या आतच माझे तिन्ही प्रश्न संपले. तेवढ्यात एक बाई आली, बीरगावचीच. सासूला शुगर, वर्षानुवर्षं इन्सुलिन चालू. डॉक्टरने या वेळी बाटली बदलून दिली होती. आधी चाळीस ताकदीची होती, आता शंभरची. इन्सुलिनच्या सुयाही दोन तऱ्हेच्या असतात. लाल टोपीची चाळीसवाल्या बाटलीसाठी, नारिंगी टोपीची शंभरवालीसाठी. शंभरवाल्या बाटलीला लाल सुई लावली की खुणा चुकतात आणि अडीच पट औषध अंगात जातं. हे मी पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण बाई म्हणाली, "सुई वही वाली देना, जो हमेशा ले जाते हैं," आणि माझा हात लाल टोपीच्या पाकिटावर गेला. मनात एकदा आलं, विचारू का? ताई दोन गिऱ्हाइकांत अडकल्या होत्या, मालक बघत होते, माझे तीन संपले होते. मी बिल केलं आणि पाकीट दिलं.

जेवणाआधी रॅक लावायची ताईंची सवय होती. एक वाजता त्यांनी रॅकमध्ये पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या. "शंभरवाली गेली एक. तिच्या संग सुई कोणती देली व?" मी म्हटलं, "लाल." त्यांचा चेहरा मी पुढे कधीही तसा पाहिला नाही. बिलावरच्या नंबरावर त्यांनी चारदा फोन लावला, कुणी उचलेना. मग मला स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाल्या. बीरगावपर्यंत मी मागे बसून फक्त म्हणत होते, मेली असेल ती, मेली असेल... गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. म्हातारी खाटेवर घामाने चिंब, काहीतरी बरळत होती. सुनेला वाटलं ऊन लागलं. ताईंनी साखर मागितली आणि म्हातारीला धरून बसवून थोडं थोडं साखरपाणी पाजलं. तोवर मी ऑटो आणला आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वाचली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाला, आता धोका नाही. तेव्हा ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जाय. सांग तिले." मी म्हटलं, "तुमी सांगा ना ताई." "सुई म्या देली का?"

मी गेले. सुनेला सांगितलं, बाई, ही चूक माझी आहे, मी चुकीची सुई दिली. ती ओरडली असती, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "हमन तो तुँहर भरोसा म सूजी लगाए रेहेन, नोनी." तुमच्या भरवशावर लावली होती सुई, पोरी... त्या दिवसापासून "भरोसा" हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला की मला दवाखान्याचा तो व्हरांडा आठवतो.

दुसऱ्या दिवसापासून मी मेडिकलला गेले नाही. आईला सांगितलं, शिवणाचा क्लास लावते. आठव्या दिवशी ताई दारात. आईने चहा केला. तो त्या शांतपणे प्यायल्या, आईशी तब्येतीच्या गोष्टी केल्या, आणि मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "तीन गोष्टीचा नियम माहा होता. चौथ्यांदा विचारायले आली असती तर मीच खेकसली असती. ते माहं चुकलं." मी रडायला लागले. "रडू नोको. भेव वाटते ना तुले? वाटू दे. मले बी वाटते, इतके वर्स झाले तरी वाटते. पण भेव वाटते म्हणून तोंड दाबून बसू नोको. दिसलं की बोल. चुकीचं निघालं तर लोक हासतीन, अजून काय होईन?" आणि उठता उठता, "उद्या नऊले ये. दोन्ही सुयाचे डबे वेगळे करून ठेवले, पाहून घे." मी गेले. तो नियम पुन्हा कधी निघाला नाही.

त्यानंतर माझं रजिस्ट्रेशन झालं, तेलीबांध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्याच्या फार्मसीत नोकरी लागली. लोक मला "मॅडम" म्हणू लागले. कोट कुणी ओढून काढला नाही. पण ती भीती गेली का? छे! फक्त शहाणी झाली. आता ती "मला येत नाही" असं म्हणत नव्हती. "आपण कोण सांगणारे" असं म्हणायला लागली होती. ऐकायला किती छान वाटतं ते! लोक त्याला नम्रपणा म्हणतात. मीही म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या आदल्या दिवशी मी ताईंकडे गेले होते. खीर करायचा बेत होता. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या आणि माझी नजर त्यांच्या पायांवर गेली. दोन्ही पाय सुजलेले, चपलेच्या पट्ट्याचा वळ आत रुतलेला. बोलता बोलता त्यांनी पर्समधून गुडघेदुखीची गोळी काढली आणि बडीशेप टाकावी तशी तोंडात टाकली. म्हणाल्या, उभं राहून राहून गुडघे गेले, ही घेतल्याशिवाय दिवस निघत नाही. बीपीची गोळी तर त्यांना कधीचीच चालू होती. बीपीची गोळी, रोजची दुखण्याची गोळी आणि सुजलेले पाय. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल की किडनीची तपासणी करा. माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर... आणि वाटलं, यांना मी सांगू? ज्यांनी मला सुई ओळखायला शिकवली त्यांना? त्यांना काय कळत नसेल? हसतील, म्हणतील, आली मोठी डॉक्टरीण. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "ताई, चप्पल बदला आता. टाईट झाली तुम्हाला."

"हव व, वय झालं आता," त्या म्हणाल्या. पुढच्या महिन्यात गेले तर नवी चप्पल दाखवली. एक नंबर मोठी. "तू म्हणाली म्हणून घेतली. आता बरं वाटते." मी पाहिली. चांगली आहे म्हटलं. तेव्हाही बोलता आलं असतं. एक महिना उशीर झाला होता, पण वर्ष तर नव्हतं झालं. मी खीर, नात्यातली लग्नं, प्रज्ञाची परीक्षा, सगळ्यावर बोलले आणि घरी आले.

वर्षभराने कळलं तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. मग डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, नंतर तीनदा. शेवटचं भेटले तेव्हा मशीन चालू होतं आणि ताई इतक्या लहान दिसत होत्या की क्षणभर मला चुकीच्या पलंगापाशी आले असं वाटलं. "गर्दी हाये का तुह्या तिकडं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्याच म्हणाल्या, "मले वाटे गुडघेच हायेत. साऱ्या दुनियेले सांगे, गोळ्या मनानं खाऊ नोका म्हणून... अन् सोताचं नाई पाहिलं." मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुले काई बोलायचं हाये का, सुजाता?" देवाशप्पथ सांगते, त्यांना माहीत होतं असं मला अजून वाटतं. मी म्हटलं, "नाई ताई. आराम करा तुमी." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मागच्या रविवारी प्रज्ञाचा फोन आला. मम्मीच्या औषधांचं कपाट रिकामं करायचं होतं, तिला त्यातलं काही कळत नाही, दीदी तुम्ही या. मी गेले. ताईंच्या खोलीत अजून स्पिरिटचा आणि बामचा वास होता. खिडकीत त्यांचा चष्मा होता आणि त्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. आम्ही दोघी फरशीवर बसलो. प्रज्ञा एकेक डबा काढून द्यायची, मी पाहायची. हे फेकायचं, हे दवाखान्यात परत देता येईल, हे बंद पाकीट कुणाच्या तरी कामी येईल. मुलीचा चेहरा आईसारखाच आहे, फक्त तिला मराठी समजतं आणि ती बोलते हिंदीत. तळाच्या खणात बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. तो उघडला तर आत नुसत्या दुखण्याच्या गोळ्या. रिकाम्या स्ट्रिपा, अर्ध्या स्ट्रिपा, रबर लावून ठेवलेल्या नव्या स्ट्रिपा. फेकायच्याही राहिल्या होत्या. प्रज्ञाने एक हातात घेतली, उलटून पाहिली. कॉलेजात शिकते, फोनवर सगळं वाचलेलं असणारच तिने. खाली मान घालून तिने विचारलं, "दीदी, इसी से हुआ ना?"

मला म्हणता आलं असतं की बीपीमुळे होतं, वयाने होतं, नक्की कुणालाच सांगता येत नाही. त्यात खोटं असं काही नव्हतं. मी म्हटलं, "हां. बीपी थी, ऊपर से ये रोज़. इसी से बिगड़ा." आणि मग थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते. "प्रज्ञा, दो साल पहले मैंने उनके पैर देखे थे. मुझे समझ में आ गया था. मैंने कहा नहीं."

प्रज्ञाने हातातली स्ट्रिप डब्यात परत ठेवली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी ती उठली नाही.

"तो बोलना था ना, दीदी," ती म्हणाली.