स्वतःच्या गाडीपासून दूर बसलेले नाना

वसंतनानांची आणि माझी पहिली भेट धुळ्याच्या तंत्रनिकेतनात, ऑटोमोबाइलच्या कार्यशाळेत झाली. वर्गात मी एकटी मुलगी होते. ही शाखा का घेतलीस, हे तोवर मला प्रत्येकाने विचारले होते. तिथे शिकवणाऱ्या नानांनी मात्र विचारले, "रेडिएटर गरम असताना झाकण का उघडायचं नाही?" मी उत्तर दिले. ते "बरोबर" म्हणाले आणि पुढच्याकडे वळले. मला ते आवडले.

लक्षण आणि निदान यांत अंतर ठेवायला नानांनी आम्हाला शिकवले. इंजिनाचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये हेड गॅसकेट असते. ते फुटले की पाणी, ऑइल आणि जळालेला वायू एकमेकांत शिरू शकतात. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला की अनेक जण गॅसकेट गेल्याचे सांगून मोकळे होतात. पण थंडीत गाडी जवळच्या जवळ फिरली तरी तसा फेस येतो, हे नाना झाकण उघडूनच दाखवत.

निवृत्तीनंतर नाना जळगावला राहायला आले. मीही तिथेच वर्कशॉप सुरू केले होते. गाडीवाले यायचे, "मिस्त्री कुठे आहेत?" असे मला विचारायचे आणि निघून जायचे. त्या दिवसांत एकदा नानांची जुनी पेट्रोल गाडी टोचन करून माझ्या दारात आली. दोंडाईचाला पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकींच्या माहेरी जाताना एरंडोलजवळ तापमानाचा काटा वर चढला, तेव्हा नानांनी इंजिन तिथेच बंद केले होते. रेडिएटरमधले पाणी कमी होत होते, पण गळती कुठे दिसत नव्हती. एका गॅरेजवाल्याने फेस पाहून गॅसकेट गेल्याचे सांगितलेही होते. पुण्याहून मुलांचे म्हणणे स्पष्ट होते: इंजिन उघडावे लागले तर गाडी मोडीत द्यायची, आणि आता ड्रायव्हिंग पुरे.

नाना गाडीपासून दूर, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले. सोबत त्यांचे मित्र, दालमिलवाले भिकाआबा होते.

"काय नाना, जनमभर पोरांना शिकवलं. तुमले सोतानी गाडी तपासता येत नही का?"

"तपासता येस," नाना म्हणाले. "पन मन्हा कान मन्ही बाजू लेतस."

"अहो, रेडिएटरचं झाकण खराब असेल. बदला नि चला."

"तेच ऐकायचंय मला. म्हणून तर इथे बसलोय."

इंजिन गार झाल्यावर मी काम सुरू केले. फेस मी पुरावा धरला नाही. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मात्र वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ होता, म्हणजे तिथे पाणी शिरत असावे. मग रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून इंजिन चालू केले. पाण्यात जळालेला वायू येत असेल तर हा द्रव पिवळा पडतो. तो पिवळा पडला. नवा द्रव भरून मी पुन्हा पाहिले. पुन्हा पिवळा.

मी नानांकडे गेले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. हातातल्या नळीकडे पाहिले.

"माय, जे शे ते सांग."

"गॅसकेट गेलंय, नाना. इंजिन उघडावं लागेल."

नानांनी मुलाला फोन लावला आणि ते म्हणाले, "निदान तिचं. निर्णय माझा. गाडी उघडतोय."

काटा चढताच त्यांनी इंजिन बंद केले होते, त्यामुळे हेड वाकले नव्हते. नव्या गॅसकेटवर गाडी पुन्हा उभी राहिली आणि काकी दोंडाईचाला जाऊन आल्या. पुढे भिकाआबांनी आपली गाडी माझ्याकडे आणली, मग त्यांच्या ओळखीच्यांनी. "माझी विद्यार्थिनी आहे" अशी शिफारस नानांनी कुणाकडे केली नाही. विचारले तर ते एवढेच म्हणत, "आमची गाडी तिच्याकडे असते." या वाक्यावर माझे वर्कशॉप उभे आहे. मी त्यांचे आभार कधी तोंडाने मानले नाहीत. ते इथे मानते.

नानांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची इच्छा आहे. माझ्या इच्छेला एक पुरवणी आहे. काकी सांगतात की अलीकडे जिना चढताना नानांना दम लागतो आणि ते "काही नाही" म्हणतात. नाना, तुमचे कान तुमची बाजू घेत आहेत. तपासणी दुसऱ्याला करू द्या आणि तुम्ही दूर खुर्चीत बसा. दवाखान्यापर्यंत गाडी तुम्हीच चालवा. मी शेजारी बसेन.