एस्पेरांसने मागितलेला दवाखाना

एस्पेरांसचा नवरा इनास गोव्यातल्या चोपड्याच्या फेरीधक्क्यावर वारला. ऐंशी साल असावं. भर दुपारी त्याच्या छातीत कळ आली. गोकुळदास दुकानदारानं त्याला आपल्या टेम्पोतून धक्क्यावर नेलं, पण फेरीबोट पलीकडच्या काठाला होती. ती येईपर्यंत इनास राहिला नाही. हॉस्पिटल म्हापशाला, आणि आमच्या गावात तापाची गोळी द्यायलासुद्धा कोणी नव्हतं.

एस्पेरांस एका मुलीला घेऊन राहायची आणि शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, बायकांचे झंपर, इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वेदीवरची वस्त्रंही तीच शिवायची. तिचं आणि आमचं कुंपण एकच. माझी आई प्रभावती तिची मैत्रीण.

वर्षभरानं पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रार्थनेत, मिसाला, जाहीर केलं की इगर्जीच्या आवारात दवाखाना बांधायचा, मठातल्या सिस्टरी तो चालवतील, लोकांनी हातभार लावावा. एस्पेरांसनं लग्नातली साखळी विकून पैसे दिले. मग पाद्रीबाबांना विचारून ती हिंदूंच्या घरीही फिरली. आमच्या पायरीवर बसून आईला म्हणाली, "थंय कोणाची जात इचारूचे नाय. माझो शब्द."

आईनं डाळीच्या डब्यातले पन्नास रुपये काढून दिले. गोकुळदासनं शंभर दिले. अकरा घरांनी दिले, ते इगर्जीकडे बघून नव्हे, तिच्याकडे बघून.

दोन वर्षं गेली. फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या वार्षिक सणाच्या, आधी इगर्ज महिनाभर कामासाठी बंद होती. उघडली तेव्हा आत संगमरवरी फरशी होती आणि वेदीला नवा सोनेरी मुलामा. लोक खूश झाले. एस्पेरांसनं दवाखान्याचा चौथरा कुठे आखलाय ते आवारात फिरून पाहिलं. तिथं गवत होतं.

ती पाद्रीबाबांना भेटली. काय बोलणं झालं ते तिनंच आईला सांगितलं.

"पाद्रीबाब, दवाखानो केन्ना?"

"होतलो. पयलें देवाचें घर."

"पण पैशे दवाखान्याचे."

"लोकांनी देवाक दिले, देवाक लागले. समितीन ठरयलां."

"लोकांनी माका दिले," ती म्हणाली. पाद्रीबाबांनी चष्मा पुसला आणि तिच्या मुलीची चौकशी केली.

त्या महिन्यापासून ती रोज पहाटे मशीनवर बसू लागली. दर दोन-तीन महिन्यांनी एका घरी जायची आणि पैसे परत करायची. आमच्याकडे आली तेव्हा आई घेईना.

"मी इनासच्या नावान दिलेले गो. परत कित्याक?"

"त्याच्याच नावान परत घे. तुझ्या दारात माका मान वर करून येवक व्हया."

आईनं घेतले. ती गेल्यावर आईनं नोटा परत डाळीच्या डब्यात ठेवल्या. "घेतले नसते तर ती परत आली नसती," एवढंच मला म्हणाली.

हे गावभर झालं. हिंदूंसमोर इगर्जीची लाज काढली म्हणून ख्रिस्ती घरांतून तिच्याकडे कपडे येईनासे झाले. वेदीची वस्त्रं म्हापशाहून शिवून येऊ लागली. ज्या बायका तिच्यासोबत मिसाला जायच्या, त्या दुसऱ्या वाटेनं जाऊ लागल्या. अकरा घरं फेडायला तिला अडीच वर्षं लागली.

पुढे पाद्री बदलला. नवा तरुण होता, ऐकून घेणारा. एस्पेरांस त्याच्याकडे गेली. त्यानं हिशेबाच्या जुन्या वह्या तिच्यासमोर उघडल्या. दवाखाना हा शब्द कुठेच नव्हता, सगळी रक्कम दुरुस्तीच्या नावावर होती. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. देणगीदारांच्या पाटीवर इनासचं नाव कोरून घेऊ, असं तो म्हणाला.

"नाव नाका," ती म्हणाली आणि घरी आली.

रविवारचं मिस तिनं चुकवलं नाही. शेवटच्या बाकावर बसायची. दानाची पिशवी समोर आली की काही न घालता पुढे सरकवायची. एकदा मी तिला विचारलं, एवढं झाल्यावर जातेस कशाला?

ती गणवेशाची काजं करत होती. "खंय जावू?" ती म्हणाली. "माझो देव थंयच आसा. फरशेर पाय ठेवताना मात्र दर वेळी ध्यानात येता."

मग तिनं दोरा दातानं तोडला आणि दुसरा सदरा घेतला.