लातूरची सम बाजू आणि तात्यांची पंचमी

समस्त नांदेडकर वाहनधारकांस, विशेषतः ज्यांच्या शेजारच्या सीटवर वडीलधारी मंडळी बसतात अशांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की लातुरात गाडी लावण्यापूर्वी पंचांग बघू नये. आम्ही बघितलं.

भाची पल्लवीचा साखरपुडा लातूरला होता. नवरदेवाची अंगठी मामानं आणायची असं बहिणीनं ठरवलं होतं, आणि मामा म्हणजे मी. मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. भोकरहून माझे चुलते तात्या आदल्या दिवशीच येऊन बसले होते. तात्या निवृत्त मास्तर. त्यांच्या पिशवीत पंचांग असतंच, चष्मा मात्र घरी विसरतात.

सकाळी सातला निघालो. अहमदपूरला सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तिखट नाश्ता) खाल्ली. तात्यांनी दोन बश्या संपवल्या आणि "नांदेडसारखी न्हाई," असा निकाल दिला. साडेदहाला लातुरात शिरलो. हार घ्यायचे होते म्हणून बाजारात वळलो, तर समोर फलक : सम तारखेस वाहने उजवीकडे, विषम तारखेस डावीकडे.

आमच्या नांदेडात गाडी कुठं लावायची हे दुकानदाराच्या चेहऱ्यावरून कळतं. इथं गणित होतं. तरी मी हुशारीनं म्हणालो, "तात्या, आज बारा तारीख. म्हणजे सम. उजवीकडं लावतो."

"बारा इंग्रजांची," तात्या म्हणाले. "आपली आज पंचमी. पाच म्हणजे विषम. लाव डावीकडं."

"अहो, पण पोलीस..."

"पोलीस काय विलायतेतून आले का? लाव म्हणतो न्हवं!"

उजवीकडं मुंगी शिरायला जागा नव्हती आणि डावी बाजू अख्खी मोकळी पडली होती. एवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं. पण मोकळी जागा दिसली की माझी बुद्धी बंद पडते. गाडी लावली, अंगठीची डबी समोरच्या कप्प्यात ठेवली, आणि हार निवडायला गेलो. तात्यांनी निशिगंध की शेवंती यात अर्धा तास घातला.

परत आलो तर तिथं गाडी नव्हती. जमिनीवर खडूनं तिचा नंबर तेवढा लिहिलेला होता.

"क्रेन घेऊन गेली," हारवाला शांतपणे म्हणाला. "कामून (कशाला) लावली तिकडं?"

मी तात्यांकडं बघितलं. तात्या आभाळाकडं बघत होते.

रिक्षानं वाहतूक पोलिसांच्या आवारात पोचलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. आमची गाडी दोन म्हाताऱ्या जीपगाड्यांमध्ये मान खाली घालून उभी होती. टेबलामागच्या हवालदारांना मी हात जोडून अंगठी, मुहूर्त, भाची सगळं सांगितलं. ते पावतीपुस्तक काढणार, इतक्यात तात्या गळ्यात दोन हार अडकवून पुढं झाले.

"फलकावर कोणती तारीख ते कुठं लिव्हलंय? आज पंचमी हाय. विषम!"

हवालदारांनी शांतपणे पेन ठेवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि बारीक अक्षरांवर बोट फिरवलं.

"काका, पंचमी दहा पन्नासपर्यंत. गाडी उचलली अकराला. तवा षष्ठी लागली व्हती. तुमच्या हिशेबानं बी गाडी चुकीच्याच बाजूला."

तात्यांची तर्जनी वर गेली. "तिथी सूर्योदयाची धरायची असती! उदयतिथी!"

"बरोबर हाय," हवालदार म्हणाले, "पण क्रेनवाल्याला उदयतिथी कळत न्हाई, काका. सही करा."

मी सही केली. तात्यांनी निघताना हवालदारांना एक हार घातला. तो साखरपुड्याचा होता.

सायंकाळी परतताना मला वाटलं, नियम सगळ्या गावांत सारखेच असतात, ते मोडायची कारणं तेवढी प्रत्येकाच्या घरची असतात. तात्यांना हे ऐकवलं तर ते चाकूरपासून झोपेचं सोंग घेऊन होते. खरं तर मुहूर्त साधला तो आमच्यामुळे नव्हेच. दुपारी बारा वाजून सहा मिनिटांनी मंगल कार्यालयासमोर पोचलो तर तिथंही तोच फलक. गाडी थांबवायची माझी हिंमत होईना. एक चक्कर मारली, दुसरी मारली. खिडकीतून तात्या डबी हलवून दाखवत होते, पायऱ्यांवर दोन्हीकडचे व्याही खोळंबले होते. आणि एरवी मान वर न करणारी आमची पल्लवी, शालू एका हातानं सावरत, सगळ्या वडीलधाऱ्यांदेखत रस्त्यावर धावत आली आणि पायऱ्यांवरच्या नवरदेवाकडं बोट करून ओरडली,

"मामा, थांबू नका! अंगठी फेका, हे झेलतील!"