शिशाची माशी

आमच्या गुरुवारच्या मंडळींचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर तो संपायच्या आत दुसरा दारात उभा!

फोन कार्ड खरवडून पुण्याला फोन लावायचे ते दिवस. मी आणि शिरीष जर्मनीत रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. गुरुवारी संध्याकाळी मासेमारीच्या क्लबात म्हातारे हेर (म्हणजे श्रीयुत) हुबर आम्हाला माशी बांधायला शिकवायचे. माशी अर्थात खोटी. गळावर शिशाची तार गुंडाळायची, वर पिसं आणि केस बांधायचे. वजनाने ती तळाशी जाते आणि तिथले बार्श, म्हणजे तळहाताएवढे पट्टेरी मासे, फसतात.

पहिल्याच दिवशी शिरीषने विचारलं, "तारेचे वेढे किती? टॉलरन्स काय?"

हुबर म्हणाले, "माशाकडे व्हर्नियर नसतो!"

*

माशीला तपकिरी लव हवी होती. आमच्या बॉसच्या कोटाला फरची कॉलर होती. शिरीष येता-जाता चिमूटभर उपटायचा.

मार्चमध्ये बॉस कॉलर चाचपत म्हणाला, "आल्झो, म्हणजे वसंत आला तर. कोटसुद्धा केस गाळायला लागला!"

*

मी हुबरांबरोबर पहिल्यांदा डोनाऊ नदीवर गेलो. ठरल्या मापापेक्षा लहान मासा परत सोडायचा, असा तिथला नियम. दोरी जोरात मागे फेकली, ती अडकली. ओढतोय, ओढतोय, हलेना!

मागून हुबरांचा शांत आवाज आला, "माप पुरेसं आहे. तरी सोडून दे. जॅकेट नवीन आहे."

*

शिरीषच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्याने वार्निश लावून माश्या खिडकीत वाळत ठेवलेल्या. संध्याकाळी घरी येतो तर सासूबाई गुंडाळलेलं वर्तमानपत्र घेऊन दारात!

"अहो शिरीषराव, कसली मेली तुमची स्वच्छ जर्मनी! खिडकीत ह्या एवढाल्या माश्या. पण एकही उडू दिली नाही हो!"

*

एका रविवारी नदीवर येताना हुबर स्वतःची माश्यांची डबी घरी विसरले. शिरीषने मोठ्या मनाने आपली दिली. हुबरांना सकाळपासून मासे लागत होते. दोरी ताणायची, काठी वाकायची, आणि मासा पसार! एकही हाती येईना. चाळीस वर्षं मासे धरणारा माणूस, पार रडकुंडीला आला.

शेवटी त्यांनी चष्मा लावून माशी निरखली. गळाचं टोक पक्कडीने साफ कापलेलं! दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच.

त्यांनी शिरीषकडे पाहिलं. शिरीष पाण्याकडे बघत पुटपुटला, "हेर हुबर, मी शाकाहारी आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हुबर म्हणाले, "पण माझी बायको तवा तापवून बसलीय. तिला हे तू सांग!"